खेळ आणि सन्मान (भाग ७) : हॉल ऑफ फेमसाठी निवड कोण करते?

मागच्या आठवड्यात शिवछत्रपती क्रीडा पुरस्काराची पद्धत पाहिली. तिथे खेळाडू अर्ज करतो, प्रमाणपत्रे जोडतो. हॉल ऑफ फेमचे तसे नसते. तिथे नाव दुसऱ्यांनी सुचवायचे आणि दुसऱ्यांनीच निवडायचे. शिवाय खेळ थांबवून बरीच वर्षे लोटल्याशिवाय बहुतेक ठिकाणी नाव विचारातच घेत नाहीत.

मला हा थांबण्याचा नियम फार मोलाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या हॉल ऑफ फेममध्ये निवृत्तीनंतर पाच वर्षे जावी लागतात. सचिन तेंडुलकर नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर शेवटची कसोटी खेळला आणि जुलै २०१९ मध्ये त्याचा समावेश झाला. नियम त्याच्यासाठीही वाकला नाही.

मग मत कोण देते? अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये किमान दहा वर्षे बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मत देतात आणि ७५ टक्के मते लागतात. १९३६ च्या पहिल्या मतदानात बेब रूथसारख्या दिग्गजाला २२६ पैकी २१५ मते पडली, म्हणजे अकरा जणांनी त्याचे नाव लिहिले नाही. क्रिकेटमध्ये आधी निवडले गेलेले हयात खेळाडू, पत्रकार आणि परिषदेतील ज्येष्ठ मंडळी मिळून ठरवतात. २००९ मध्ये हा सन्मान सुरू झाला, तेव्हा पहिल्या ५५ जणांतच सुनील गावसकर होते.

सुरुवातीला आकड्यांचे निकषही ठरले होते. फलंदाजाला एका प्रकारात ८,००० धावा व २० शतके, नाहीतर ५० च्या वर सरासरी. गोलंदाजाला २०० बळी. आता विनू मंकड यांचे आकडे पाहा : ४४ कसोटी, २,१०९ धावा, १६२ बळी. दोन्हीकडे कमीच. पण १९५२ च्या लॉर्ड्स कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. २०२१ मध्ये वेगवेगळ्या कालखंडांतील दहा खेळाडूंची खास निवड झाली, तेव्हा मंकड आत आले. ते १९७८ मध्येच गेले होते. मुंबईच्या डायना एडुलजी यांच्या वाट्याला जेमतेम ५४ आंतरराष्ट्रीय सामने आले. त्यांची निवड २०२३ मध्ये झाली. माझ्या मते आकड्यांपलीकडे पाहिले म्हणूनच या दोन्ही निवडी योग्य ठरल्या.

मंकड यांचा विचार इतक्या वर्षांनी होऊ शकला, कारण त्यांच्या षटकाषटकाची नोंद जपलेली होती. त्याच १९५२ च्या उन्हाळ्यात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर, मरणोत्तर मिळाला. ऑलिंपिक पदक असूनही ही गत. मग यात्रेतल्या दंगली मारणाऱ्या पैलवानाचे नाव कुठल्या समितीपुढे जाणार? त्याच्या कुस्त्यांचा कागदच नसतो.

नोंद असली की काय होते ते पाहा : आपल्या बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकारने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत माइक श्लॉसर या तिरंदाजाला १४९-१४८ असे हरवले. तिरंदाजीत प्रत्येक बाणाचा गुण लिहिला जातो, त्यामुळे ही लढत पन्नास वर्षांनीही जशीच्या तशी सांगता येईल. आपल्या कबड्डीपटूंबद्दल, पैलवानांबद्दल असे म्हणता येत नाही, ही मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे.

म्हणून मेहकर, डोणगाव, जानेफळ, हिवरा आश्रम इथल्या तालमींना, शाळांना आणि क्रीडा मंडळांना विनंती आहे : एक वही सुरू करा. स्पर्धेची तारीख, ठिकाण, वजनगट, प्रतिस्पर्धी आणि निकाल लिहा, जुनी कात्रणे आणि छायाचित्रे तिच्यात लावा. आठवणी लिहून घ्यायला वयस्क खेळाडूंकडे आधी जा.