हिमालय कमी का ओढतो?

उत्तर प्रदेशातलं कलियाना आणि मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या सर्वेक्षणात या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला गेला: एकदा जमिनीवर त्रिकोणांची साखळी मोजून, एकदा ताऱ्यांचे वेध घेऊन. उत्तरं जुळली नाहीत. एका अंशाचे 3,600 भाग केले तर त्यातले सव्वापाच भाग, म्हणजे जमिनीवर सुमारे 160 मीटर, एवढी तफावत राहिली.

विद्यापीठात भूभौतिकीची तोंडओळख करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही तफावत लवकर भेटायला हवी, कारण त्या विषयाचा सगळा स्वभाव तिच्यात आहे. वेध घेताना उभी दिशा ओळंब्यावरून ठरते आणि हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो. कलकत्त्याचे धर्मगुरू व गणिती जॉन प्रॅट यांनी ही ओढ हिशेबाने काढली, तर ती जवळजवळ 16 भाग भरली. प्रत्यक्षाच्या तिप्पट!

मग उरलेली ओढ गेली कुठे? 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं. पाण्यावरचा जो ओंडका जास्त वर दिसतो तो खालीही जास्त बुडालेला असतो. तसं पर्वतांखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असणार. प्रॅट यांचं मत वेगळं: पर्वताखालचा खडकच कमी घनतेचा. दोन्ही कल्पना त्याच आकड्यात बसत होत्या. गुरुत्वाच्या मोजणीची ही खरी अडचण आहे आणि नवख्या विद्यार्थ्याला ती अस्वस्थ करते.

निवाड्याला दुसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे भूकंपलहरी. भूकवचात प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी साडेतीन. दोन्ही पोचण्यातल्या अंतराचे सेकंद आठाने गुणले, की जवळपासचा भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळमानाने कळतं. हेच वेग वापरून भूकवचाची जाडीही काढता येते. एअरींच्या रीतीने भूकवचाची घनता 2.8 आणि त्याखालच्या प्रावरणाची 3.3 धरली, तर 5 किलोमीटर उंच तिबेटी पठाराखाली 28 किलोमीटरचं मूळ येतं. नेहमीचे 35 आणि पठाराच्या उंचीचे 5 मिळवून एकूण जाडी 68. लहरी सांगतात, सुमारे 70. वहीच्या अर्ध्या पानावर मावणारं हे गणित जमतं, तेव्हा हा विषय कायमचा आवडू लागतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी पुढचा धडा कोयनेत आहे. 1962 पासून तिथल्या धरणाचा जलाशय भरू लागला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब वाढला की खडकांमधलं घर्षण कमी पडतं, हे त्याचं मुख्य स्पष्टीकरण. ताण मात्र खडकात आधीपासून साठलेला असतो; पाणी निमित्त होतं. हा फरक न समजता धरणाला सगळा दोष देणं शास्त्राला धरून नाही.

इथे पृष्ठभागावरच्या मोजमापांवरच थांबायचं नाही असं ठरलं. कोयना परिसरातल्या गोठणे इथे 3 किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर थेट पुरातन ग्रॅनाइट-नाइस लागला. कराडमधली एक प्रयोगशाळा आता तिथले खडक, तापमान आणि ताण अभ्यासते आहे.