वणव्यानंतर पालवी कुठून फुटते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूच्या बोंडांना रंग चढू लागतो, आणि त्याच सुमारास पिंगुळी-कुडाळ परिसरातल्या सड्यांवरचे गवत वाळून कडकडीत होते. ठिणगी पडली, वारा सुटला की वणवा बागेत शिरतो. आग विझल्यावर बागायतदाराचा पहिला प्रश्न असतो, झाड जगेल का?

उत्तर सालीत आहे. सालीखालचा वाढीचा जिवंत थर साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो. साल दुप्पट जाड असेल, तर तो सुमारे चौपट वेळ तग धरतो. सड्यावरचा कुंभा आगीतून उभा राहतो तो जाड सालीच्या बळावर.

ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीने याच्याही पुढे मजल मारली आहे. बहुतेक झाडांचे सुप्त डोळे सालीच्या वरच्या भागात असतात. निलगिरीत मात्र डोळे घडवणाऱ्या पेशी सालीच्या तळाशी, लाकडालगत दडलेल्या असतात. शेंडा जळला की त्यांना दाबून ठेवणारे संप्रेरक वरून येणे थांबते आणि काळ्याठिक्कर खोडावर पालवी फुटते. गंमत म्हणजे तेलकट पाने आणि लोंबणाऱ्या सालपटांमुळे आग भडकवण्यातही हेच झाड पुढे! अर्थात सगळ्या निलगिरी चिवट नाहीत. शंभर मीटरपर्यंत वाढणारी 'माउंटन ॲश' मोठ्या आगीत मरते आणि राखेत बी सांडून जाते. नवी झाडे बी धरण्याआधी, म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या आत, पुन्हा आग आली तर ते जंगलच संपते.

काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. कुंभ्याच्या मानाने त्याची साल पातळ, त्यात बुडाशी वाळलेल्या पातेऱ्याचा थर. म्हणून जानेवारीतच बागेभोवतीचे गवत काढून जाळरेषा करायची आणि बुंध्याजवळचा पातेरा दूर ओढायचा.

एवढे करूनही आग आली, तर बुडातून कधी कधी फुटवे येतात आणि आपल्याला हायसे वाटते. फसगत होते ती इथेच. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' ही कलमे आहेत. फुटवा जोडाच्या वरून आला तर झाड तेच. खालून आला तर तो खुंटाचा, म्हणजे रायवळ. त्याची बी कशी निघेल याचा भरवसा नाही. तेव्हा जळके झाड घाईने तोडू नये, आधी जोड शोधावा. खालचाच फुटवा असेल, तर त्यातला जोमदार एक ठेवून पावसाळ्यात त्यावर मृदुकाष्ठ कलम बांधता येते. मुळे जुनी, जमिनीत खोल गेलेली असल्याने त्याला नव्या रोपासारखे शून्यापासून वाढावे लागत नाही.