विश्लेषण : समोरचा संघ दुप्पट ताकदीचा, तरी चाहत्याची आशा खोटी का नसते?

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातून मामीचा फोन आला. "तू इंजिनिअर हैस, तूच सांग ह्यांना. टीम काय जिंकायची न्हाई, आन् हे स्टेडियमवर जाणार म्हणत्यात!" मामाचे वय 61. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. पेठेतल्या तालमीचा संघ बऱ्याच वर्षांनी अंतिम फेरीत पोहोचला आहे आणि सामना येत्या रविवारी आहे. समोरचा संघ यंदा कुणालाच आवरलेला नाही. दोन्ही संघांची नावे इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोल्हापुरात पुन्हा जायचे आहे.

मामीच्या तक्रारीत दोन प्रश्न आहेत. मामाच्या आशेला काही आधार आहे का? आणि असला तरी त्या आशेची किंमत किती? दोन्हींची उत्तरे आकड्यांत शोधता येतात.

कोल्हापुरात फुटबॉल इतका जिव्हाळ्याचा का?

इथे फुटबॉल संघाच्या नावात अनेकदा 'तालीम' असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या सगळ्या तालमीच. ज्या तालमीत कुस्तीचा आखाडा, तिथेच गणपती आणि तिथलाच फुटबॉल संघ, अशी ही रचना आहे. छत्रपती घराण्याने खेळाला आश्रय दिला, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनने लीग चालवली आणि शाहू स्टेडियम हे त्याचे घर झाले. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

त्यामुळे इथला चाहता संघ 'निवडत' नाही. तो ज्या पेठेत जन्मतो, तो त्याचा संघ. युरोपातला क्लब टीव्हीवर बदलता येतो, पेठ बदलता येत नाही.

फुटबॉलमध्ये बलाढ्य संघ इतक्या वेळा का अडखळतो?

कारण गोल फार कमी होतात. एखादी गोष्ट क्वचित घडत असेल, तर ती ठरावीक वेळेत किती वेळा घडेल, याचा अंदाज घेण्यासाठी फ्रेंच गणिती पॉयसाँ यांच्या नावाचे सूत्र वापरतात. अभियांत्रिकीच्या गणितात ते आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. फुटबॉलच्या गोलांनाही ते बऱ्यापैकी लागू पडते. संशोधक 1980 च्या दशकापासून सामन्यांच्या निकालांसाठी ते वापरत आले आहेत.

समजा, एक संघ सामन्यात सरासरी 1.8 गोल करतो आणि दुसरा 0.9. म्हणजे पहिला नेमका दुप्पट भारी. हे दोन संघ 100 वेळा भिडले, तर सूत्रानुसार साधारण असे होईल :

- बलाढ्य संघ जिंकेल : 59 वेळा
- बरोबरी : 23 वेळा
- दुबळा संघ जिंकेल : 18 वेळा

आता हाच खेळ दहापट गोलांचा आहे असे समजू. सरासरी 18 विरुद्ध 9. ताकदीचे प्रमाण तेच, पण आता दुबळा संघ 100 पैकी जेमतेम तीन-चार वेळा जिंकेल. गुण जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी. म्हणून बास्केटबॉलमध्ये भारी संघ सहसा भारीच ठरतो. फुटबॉलमध्ये मात्र एक कॉर्नर, एक चुकलेला पास किंवा बचावपटूच्या पायाला लागून वळलेला एक चेंडू 90 मिनिटांचा हिशेब फिरवतो.

मग मामाच्या संघाला संधी किती?

अंतिम सामन्यात बरोबरीवर थांबता येत नाही. सामना टायब्रेकरवर जातो. पेनल्टीवर साधारण चारपैकी तीन फटके गोल होतात, मग मारणारा भारी संघाचा असो वा दुबळ्या. तिथे ताकदीतला फरक बराच पुसला जातो. टायब्रेकर हा अर्धा-अर्धा मामला धरला, तर बरोबरीच्या 23 मधले साडेअकरा दुबळ्या संघाच्या पदरात पडतात. 18 मध्ये ते मिळवले की 30 च्या आसपास. म्हणजे दहापैकी तीन वेळा चषक मामाच्या पेठेत.

हे सूत्र थोडे भोळे आहे, हे मान्य. एक गोल झाल्यावर दोन्ही संघ खेळ बदलतात, कुणाला लाल कार्ड मिळते, कुणाचा गोलरक्षक त्या दिवशी भिंत होतो. पण दुबळ्या संघाचा प्रशिक्षक सामना संथ का ठेवतो, अकरा जण मागे का ओढतो, हे यातून कळते. एकूण गोल जितके कमी, तितकी त्याची संधी जास्त.

असे प्रत्यक्षात घडले आहे का?

2004 च्या युरो स्पर्धेत ग्रीसने बाद फेरीत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगालला हरवले. तिन्ही सामन्यांत निकाल एकच : 1-0. बाद फेरीत तीन गोल आणि युरोपचे विजेतेपद.

22 नोव्हेंबर 2022 रोजी विश्वचषकात 51 व्या क्रमांकावरच्या सौदी अरेबियाने तिसऱ्या क्रमांकावरच्या अर्जेंटिनाला 2-1 ने हरवले. अर्जेंटिना त्याआधी सलग 36 सामने अपराजित होती. पहिल्या सत्रात त्यांचे तीन गोल ऑफसाइड ठरले आणि दुसऱ्या सत्रात सौदीने पाच मिनिटांत दोन गोल केले. तोच अर्जेंटिना 18 डिसेंबरला, फ्रान्सशी 3-3 बरोबरीनंतर, पेनल्टीवर 4-2 ने विश्वविजेता झाला. सौदीविरुद्धच्या रात्री मेस्सीच्या चाहत्यांनी सोडलेली आशा आणि महिनाभरातला जल्लोष, दोन्ही एकाच संघाबद्दल होते.

मग चाहता हरल्यावर इतका का तुटतो?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. (तिथला फुटबॉल वेगळा, पण चाहता सारखाच.) आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालणारे वाढत. बोलतानाही विजयाबद्दल 'आपण' आणि पराभवाबद्दल 'ते' असे शब्द येण्याकडे कल होता.

मामाला ही सोय नाही. पेठेतला माणूस हरल्यावर 'ते हरले' म्हणू शकत नाही. सोमवारी चहाच्या गाड्यावर त्याला सगळे ओळखतात.

ससेक्स विद्यापीठातील दोन अर्थतज्ज्ञांनी ब्रिटनमध्ये मोबाइल अॅपवरून लोकांच्या मनःस्थितीच्या लाखो नोंदी तपासल्या. सामन्यानंतरच्या पहिल्या तासात पराभवाचे दुःख विजयाच्या आनंदाच्या साधारण दुप्पट भरले. हा हिशेब मामाला लावला, तर दहापैकी तीन वेळा एक माप आनंद आणि सात वेळा दोन मापे दुःख. शेअर बाजारात असा सौदा कुणी करणार नाही. चाहते मात्र दर मोसमात करतात, कारण त्यांचा नफा शिट्टी वाजल्यावर सुरू होत नाही. सामन्याआधीचा आठवडा, 'रविवारी काय?' विचारत थांबणारे शेजारी, जुन्या फायनलच्या गोष्टी, हे सगळे निकालाआधीच मिळालेले असते.

आणि हृदयाचे काय?

मामीची खरी काळजी ही आहे आणि ती फाजील नाही. 2006 चा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना मोजल्या. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 2008 साली आलेल्या त्या अभ्यासानुसार, जर्मनीच्या सामन्याच्या दिवशी अशा घटना इतर दिवसांच्या 2.66 पट झाल्या. पुरुषांमध्ये प्रमाण आणखी जास्त होते. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत धोका सर्वाधिक होता आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना तो विशेष होता.

याचा अर्थ प्रत्येकाने टीव्ही बंद करावा असा नाही. पण ज्यांचे हृदयाचे उपचार सुरू आहेत, त्यांनी मोठ्या सामन्याआधी डॉक्टरांशी बोलावे, औषधाची वेळ चुकवू नये, एकटे बसू नये आणि छातीत दुखले तर 'टायब्रेकर संपू दे, मग बघू' म्हणू नये.

शेवटी ठरले काय?

मी मामाला फोन करून हे आकडे सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "दहात तीन? मला वाटलं हुतं एकबी न्हाई." म्हणजे त्यांची आशा आकड्यांवर उभी नव्हतीच. मी उलट ती वाढवून ठेवली. मामीने दुसऱ्या बाजूने फोन घेतला आणि मला जे ऐकवले, ते छापण्यासारखे नाही.

शनिवारी सकाळी ते दोघे डॉक्टरांकडे जाणार आहेत. डॉक्टर हो म्हणाले, तर मामी शेजारी बसणार, गोळ्या तिच्या पर्समध्ये आणि टायब्रेकर झालाच तर मामा पाठ करून उभे राहणार. डॉक्टर नाही म्हणाले, तर घरी मोबाइलवर लाइव्ह. मी शनिवारी रात्रीच्या एसटीचे तिकीट काढले आहे. दोन्हीपैकी काहीही झाले, तरी त्यांच्या शेजारी एक जागा मला लागणार आहे.