अपाचे परत बसत नाही

सकाळी 9:10. एका कॉलेजची प्रवेशअर्जाची साइट बंद. तिथला मुलगा फोनवर: "ताई, रात्रीपासून रिइन्स्टॉल करतोय, अपाचे बसतच नाही." डेबियनचा सर्व्हर. त्याला म्हटलं, आता कशालाही हात लावू नकोस.

9:30. लॉगिन केल्यावर आधी हिस्टरी वाचली. फोनवर जे सांगायचं राहतं ते तिथे सापडतं. कॉन्फिगरेशन बिघडलं म्हणून त्याने ईटीसीतला अपाचेचा अख्खा फोल्डर आरएम -आरएफने उडवला होता. मग रिइन्स्टॉल. एपीटीने निमूट काम केलं, पण सर्व्हर सुरू होईना, कारण एनव्हव्हार्स ही फाइलच जागेवर नाही.

वेबसाइट, डेटाबेस आणि सर्टिफिकेटांचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घेतला. त्याशिवाय पुढे जायचं नाही.

10:15. "पॅकेज नवं बसलं, मग फाइली का नाही आल्या?" प्रश्न रास्त आहे. या फाइलींना डेबियन कॉन्फफाइल म्हणतं आणि त्यांवर हक्क ॲडमिनचा मानतं. डीपीकेजीकडे प्रत्येकीच्या एमडी5ची नोंद असते. फाइल गायब दिसली की तो समजतो, मालकानेच ती मुद्दाम काढली. परत ठेवणारे आपण कोण? मला हा नियम पसंत आहे. अपग्रेडमध्ये माझी सेटिंग्ज त्याच्यामुळेच वाचतात.

11:00. --फोर्स-कॉन्फमिस देऊन पुन्हा बसवलं. फाइली आल्या, पण सुरू करताच एएच00534: एकही एमपीएम लोड नाही. मॉड्स-एनेबल्ड रिकामा! त्यातल्या सिमलिंक पॅकेजमध्ये नसतातच. पहिल्यांदा बसवताना स्क्रिप्ट त्या तयार करते, आणि डीपीकेजीच्या लेखी ही पहिली वेळ नव्हती. एकेक मॉड्यूल हाताने चालू करण्यापेक्षा पर्ज बरं. नुसत्या रिमूव्हने कॉन्फफाइलींच्या नोंदी मागे राहतात, पर्ज त्याही पुसतो. पीएचपीच्या मॉड्यूलच्या फाइलीही त्याच फोल्डरात होत्या, म्हणून तेही यादीत घेतलं. आधी -एस लावून काय काय जाणार ते वाचलं.

12:20. पर्ज, मग इन्स्टॉल. आता पोर्ट 80 अडलेला. रात्रीच्या खटाटोपात एनजिनएक्सही बसवून झालं होतं. एसएस -एलटीएनपीने ते उघड केलं. बंद केलं, डिसेबल केलं, आणि 'इट वर्क्स!'चं पान दिसलं.

1:00. जेवण.

2:00. खरं नुकसान इथे होतं. साइटचा व्हर्च्युअल होस्ट कुठल्याच पॅकेजचा नव्हता. तो परत देणार कोण? हाताने लिहिला. डोमेनचं नाव लेट्स एन्क्रिप्टच्या फोल्डरवरून मिळालं. सर्टबॉटची एसएसएल सेटिंग्जही त्याच फोल्डरात, त्यामुळे शाबूत. कॉन्फिगटेस्ट म्हणाला, सिंटॅक्स ओके.

3:15. मुखपृष्ठ उघडतं, आतली सगळी पानं 404. रीराइट मॉड्यूल चालू केलं, अलाउओव्हरराइड ऑल केलं. अर्जाचं पान आलं.

4:30. ईटीसीकीपर बसवून ठेवलं. आता ईटीसीतला प्रत्येक बदल गिटमध्ये जाईल.

5:00. कॉलेजच्या ऑफिसातून विचारणा: रात्री किती मुलं परत गेली? अपाचे तर बंदच होतं. पण एनजिनएक्सच्या लॉगमध्ये अर्जाच्या पानावरच्या 404च्या नोंदी वेळेसह सापडल्या. त्या काढून पाठवल्या. एचटीटीपीएसवरून आलेल्यांची नोंद मात्र त्यात नाही, कारण पोर्ट 443वर रात्रभर कुणीच नव्हतं. तेवढं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं आणि मुदत एक दिवस वाढवा म्हणून सुचवलं.