बांधावरचे तीन बिंदू

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या शिवारात हद्द कायम मोजणीच्या वेळी बांधावर जे काम चालते, त्याचा पाया इयत्ता नववीच्या भूमितीत आहे. एकाच सरळ रेषेवर येणाऱ्या बिंदूंना एकरेषीय म्हणतात. अ, ब, क हे असे तीन बिंदू असून ब मध्ये असेल, तर अब आणि बक यांची बेरीज नेमकी अक इतकी भरते, आणि ब रेषेबाहेर सरकताच त्रिकोण होऊन ती बेरीज अकपेक्षा वाढते. युक्लिडने हे सिद्ध केले, त्यावर एपिक्युरसच्या अनुयायांनी, हे तर गाढवालाही कळते, अशी टर उडवल्याचे प्रोक्लसने नोंदवले आहे. जवळची वाट गाढवाला कळते हे खरे, पण ती कितीने जवळची, हे त्याला कळत नाही.

अब 7 साखळ्या आणि बक 5 साखळ्या एवढेच ठाऊक असेल, तर विद्यार्थी अक 12 सांगून मोकळा होतो. पण क हा अ आणि ब यांच्या दरम्यान पडला तर उत्तर 2 येते, आणि तिन्ही बिंदू एकरेषीय नसतील तर 2 आणि 12 यांमधील कोणतीही लांबी संभवते.

जुन्या मोजणीतील शंकू साखळी 33 फुटांची, 16 आण्यांची. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे 1089 चौरस फूट, अर्थात एक गुंठा. शेतातून एक पायारेषा धरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत तिच्यावरून लंब, म्हणजेच शंकू, टाकत. या लंबांचे पाय एकरेषीय असल्यामुळे, एक 3 साखळ्या 4 आण्यांवर आणि पुढचा 5 साखळ्या 2 आण्यांवर असेल, तर मधले अंतर वजाबाकीनेच 1 साखळी 14 आणे, म्हणजे 61 फूट साडेदहा इंच, मिळते.

मात्र रेषा सरळ आहे की नाही, हे बेरजेवरून ठरवू पाहणे फसवे असते. दोन साखळ्यांच्या, म्हणजे 66 फुटांच्या, रेषेत मधला खुंट एक फूट बाजूला गेला, तरी बेरीज इंचाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने वाढते. साखळीचा सैलपणाच याहून जास्त असू शकतो. त्या खुंटापासून टाकलेला शंकू मात्र पुरा फूटभर चुकतो आणि बांध शेजाऱ्याच्या रानात शिरतो. म्हणून पहिल्या काठीमागे उभे राहून बाकीच्या काठ्या तिच्याआड लपतात की नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

ऊस उभा असला की ही नजर अडते आणि वळसा घालून दोन बाजू मोजाव्या लागतात. पण त्रिकोणाच्या बाजूंची वर सांगितलेली असमानता अकला केवळ मर्यादा घालून देते. बपाशी काटकोन साधला, तरच 7 आणि 5 साखळ्यांच्या बाजूंवरून अक 8 साखळ्या आणि साडेनऊ आण्यांहून किंचित अधिक, असे निश्चित निघते.