बॅलिस्टिक पेंड्युलम : गोळीचा वेग तोलणारा लंबक

बंदुकीच्या नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग किती असतो, या प्रश्नाला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भरवशाचे उत्तर नव्हते; हवेचा रोध नगण्य मानून गोळीची वाट अन्वस्त, म्हणजे नियमित कमानीसारखी वक्ररेषा, आहे असे धरले जाई. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात बॅलिस्टिक पेंड्युलमचे वर्णन केले आणि प्राक्षेपिकीला, म्हणजे अस्त्रांच्या गतीच्या शास्त्राला, प्रयोगाचा पाया मिळाला.

तिपाईला टांगलेल्या लंबकावर लाकडी ठोकळा बसवलेला असे. गोळी ठोकळ्यात रुतली की लंबक मागे झुले आणि त्याच्या तळाशी अडकवलेली फीत जेवढी ओढली जाई, तेवढ्यावरून झोका मोजता येई. टकरीत एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, कायम राहतो, या नियमावरून गोळीचा वेग निघतो. वेगवेगळ्या अंतरांवरून गोळ्या झाडून रॉबिन्स यांनी हवेचा रोध गोळीच्या वजनाच्या कितीतरी पट असतो हेही दाखवले. त्यांच्या ग्रंथाचे गणितज्ञ ऑयलर यांनी १७४५ मध्ये जर्मन भाषांतर केले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असताना रॉबिन्स १७५१ मध्ये कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले.

या यंत्राची खरी शिकवण ऊर्जेच्या हिशेबात आहे. १० ग्रॅमची गोळी रुतल्यावर २ किलो भरणारा ठोकळा २० सेंटिमीटर वर चढला, तर गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर येतो. परंतु तिच्या गतिज, म्हणजे गतीमुळे असलेल्या, ऊर्जेपैकी जेमतेम दोनशेवा भाग झोक्यात उतरतो आणि बाकीची लाकूड फाडण्यात, गोळी चेपण्यात व उष्णतेत खर्च होते. मानवी शरीरात हीच ऊर्जा ऊती फाडते. म्हणून केव्हलरसारख्या चिवट तंतूंचे संरक्षक जाकीट गोळी अडवताना तिची ऊर्जा तंतूंच्या ताणात खर्ची घालते आणि आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवते. तरीही जाकिटामागे धक्का पोहोचतोच. त्यामुळे चाचणीत जाकिटामागे मातीसारखा मऊ लगदा ठेवतात आणि अमेरिकी मानकानुसार त्यात पडणारा खळगा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल नसावा लागतो.

वेगमापनाचे काम आज इलेक्ट्रॉनिक उपकरणे करतात. मात्र महाविद्यालयीन प्रयोगशाळेत स्प्रिंगच्या बंदुकीसह हा लंबक टिकून आहे आणि तो टिकायलाच हवा, कारण संवेग टिकतो पण गतिज ऊर्जा रूप बदलते, हा भेद हाताने मोजून पाहिलेल्या विद्यार्थ्यालाच जखम आणि तिच्यापासूनचे संरक्षण या दोहोंमागचे भौतिकशास्त्र नीट उमगते.