लस आहे, तरी डुकरांमधल्या या विषाणूवर नजर का ठेवावी लागते?

पीसीव्ही-२ हा विषाणू भारतासह जगभरातल्या डुक्करपालन फार्मवर आढळतो. लागण झालेली बरीच डुकरं ठणठणीत दिसतात. काही पिल्लांची मात्र वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि इतर आजार त्यांना गाठतात.

तो बदलतो कसा?

डीएनए असलेले विषाणू सहसा सावकाश बदलतात. पीसीव्ही-२ मात्र डीएनए विषाणू असूनही आरएनए विषाणूंच्या वेगाने बदलतो. एकाच डुकरात त्याचे दोन प्रकार शिरले, तर जनुकांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन मिश्र रूपही तयार होतं. १९९०च्या दशकात त्याचा 'ए' प्रकार जास्त होता. २००० नंतर 'बी'ने त्याला मागे टाकलं आणि २०१० नंतर अनेक देशांत 'डी' पसरला.

मग लस निकामी झाली का?

नाही. २००६च्या सुमारास आलेल्या लसी 'ए' प्रकारावर बेतलेल्या होत्या, तरी त्या 'बी' आणि 'डी'मुळे होणारा आजारही बऱ्यापैकी रोखतात. पण लस दिलेल्या डुकरांनाही लागण होऊ शकते. तिथेच लसीला चकवणारं रूप तग धरू शकतं. म्हणूनच फार्मवरच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी सतत करावी लागते.

माणसांना धोका आहे का?

पीसीव्ही-२मुळे माणसं आजारी पडतात, असा पुरावा नाही.